उजवीकडे न वळणारी गाडी

बाबांची गाडी उजवीकडे वळत नसे. वळू शकत नसे असं नाही. स्टिअरिंग फिरवलं की मुकाट वळायची, पण वळता वळता खालून टक-टक-टक असा आवाज काढायची. घरातल्या वयस्कर माणसाने आपलं कोणी ऐकत नाही म्हणून टेबलावर बोटं वाजवावीत तसा. तो आवाज पहिल्यांदा आला तेव्हा बाबांनी गाडी कडेला घेतली, उतरून खाली वाकून पाहिलं आणि परत आत बसून जाहीर केलं, "ॲक्सल गेलाय. येत्या रविवारी बघतो." तोपर्यंत उजवीकडे वळायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. येता रविवार त्यानंतर काही वर्षं येत राहिला.

फक्त डावीकडे वळून माणूस कुठेही पोचू शकतो, हे भूमितीला मान्य आहे. उजवीकडे जायचं असेल तर चौक ओलांडून पुढे जायचं आणि तीनदा डावीकडे वळायचं. भूमितीला वेळेचं आणि पेट्रोलचं सोयरसुतक नसतं एवढंच. आमच्या फाटकातून उजवीकडे गेलं की हाकेच्या अंतरावर भाजीबाजार होता. आम्ही तिथे शाळा, पोस्ट आणि लाकडाची वखार यांना वळसा घालून जात असू. उजव्या हाताला राहणाऱ्या एका मावशीकडे जाणं हळूहळू कमी झालं. आपल्या कुठल्यातरी बोलण्याचा आम्हाला राग आला आहे, असं ती अजून समजते.

आई बाबांच्या शेजारी बसायची आणि चौक दिसला की म्हणायची, "डावीकडून घ्या." बाबा म्हणायचे, "हो." दुसरं काही करण्याचा त्यांचा विचार नाही हे तिला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे त्यांना. संसारातल्या बऱ्याच संवादांचं असंच असावं.

बाबा मार्चमध्ये गेले. त्याबद्दल इथे सांगण्यासारखं काही नाही. ही गोष्ट ॲक्सलची आहे.

पुढे काही महिन्यांनी दादाचा फोन आला. दादा दुसऱ्या गावी असतो आणि फोनवर नेहमी प्रॅक्टिकल असतो.

"गाडीची नोंदणी या महिन्याअखेर संपतेय," तो म्हणाला. "नवी करायची तर गाडी तपासायला न्यावी लागेल. ती टक-टक करणारी गाडी कोण पास करणार? मी भंगारवाल्याशी बोललोय. घरी येऊन घेऊन जाईल."

"आईला विचारलंस?"

"आई काय म्हणणार?"

आई तेव्हा कशालाच काही म्हणत नव्हती. बाबा गेल्यापासून ती जिना उतरली नव्हती. गॅलरीचं दार तिने लावून घेतलं होतं, कारण गॅलरीतून खालचं पार्किंग दिसतं आणि पार्किंगमध्ये गाडी दिसते. तिचा दिवस आतल्या खोलीत, पलंगाच्या कडेला बसून जायचा. मी तिला भंगारवाल्याचं सांगितलं, तेव्हा तिने बऱ्याच दिवसांनी एक पूर्ण वाक्य उच्चारलं.

"गाडी राहू दे."

मी दादाला कळवलं. तो म्हणाला, "ठीक आहे. पास झाली तर ठेवा. नाही झाली तर भंगारवाला. आता भावनेत वाहून जाऊ नकोस." मी म्हटलं, मी कशातही वाहून जात नाहीये, मी ॲक्सल बदलणार आहे.

इथे ॲक्सल म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण मलाही तोपर्यंत माहीत नव्हतं. इंजिनाची फिरकी पुढच्या चाकापर्यंत नेणारा तो एक लोखंडी दांडा. डाव्या चाकाला एक, उजव्या चाकाला एक. दांड्याच्या दोन्ही टोकांना सांधे असतात, सांध्यांवर रबरी बूट, बुटात ग्रीस. बूट फाटला की ग्रीस जातं, ग्रीस गेलं की सांधा झिजतो आणि झिजला की वळताना बोलू लागतो. आपल्या गुडघ्यांचंही साधारण हेच आहे, फक्त गुडघे दुकानात मिळत नाहीत.

गॅरेजवाल्याने नकार दिला होता. "ताई, एवढ्या जुन्या गाडीला मी हात लावला, की पुढे जे जे तुटेल ते माझ्यामुळे तुटलं असं होतं." त्यात तथ्य होतं. शिवाय त्याचं गॅरेज उजवीकडे होतं. मग मी पुस्तकं आणली. वाचणाऱ्या माणसात एक दोष असतो: वाचून समजलं की ते आपल्याला आलं, असं त्याला वाटतं. मी घरबसल्या वाळवंटं ओलांडली आहेत, युद्धं हरले आहेत. एक नट काढणं त्यामानाने किरकोळ वाटलं.

पार्टच्या दुकानात काउंटरमागच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "लेफ्ट की राइट?"

"राइट," मी म्हणाले. आवाज उजवीकडे वळताना येतो, तेव्हा यात विचार करण्यासारखं काय होतं?

"आवाज कुठे वळताना येतो?"

"उजवीकडे."

त्याने मान वर केली. "मग तुम्हाला..." एवढं तो म्हणाला आणि तेवढ्यात एक ट्रकवाला काउंटरवर भलंमोठं काहीतरी आपटून म्हणाला की हे काल दिलेलं चुकीचं निघालं. दुकानदार त्याच्याशी भांडायला वळला. मी उजवा ॲक्सल काखोटीला मारून निघाले. भांडणात तिसऱ्याने थांबू नये, असे संस्कार.

आता सोसायटी. आमच्या सोसायटीच्या नियमांत लिहिलं आहे की पार्किंगमध्ये वाहनाची दुरुस्ती करता येणार नाही. सेक्रेटरी हा नियम पाठ म्हणतात. ते अंगापिंडाने भरलेले गृहस्थ आहेत आणि चालताना त्यांच्या खिशातल्या किल्ल्या त्यांच्याआधी पोचतात. मी परवानगी मागायला गेले, तेव्हा त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि परवानगी नाकारली.

"पण बाबा दर रविवारी गाडीखाली असायचे," मी म्हणाले.

"ते स्वच्छता करायचे."

"स्वच्छता?"

"वाहनाची स्वच्छता करता येते. नियमात तशी तरतूद आहे." सेक्रेटरींनी जराही चेहरा न हलवता सांगितलं. "मी दर रविवारी विचारायचो, काय चाललंय? ते गाडीखालूनच सांगायचे, स्वच्छता. मग कोपरापर्यंत काळे होऊन वर जायचे. मी कधी खाली वाकून पाहिलं नाही. माझी पाठ दुखते."

"मग मलाही स्वच्छताच करायची आहे."

"तर मग विचारायला कशाला आलात?" सेक्रेटरी म्हणाले. खुर्चीचा त्यांना थोडा पश्चात्ताप झाल्यासारखं दिसलं.

पहिल्या रविवारी सकाळी मी बाबांची हत्यारांची पेटी आणि त्यांची सतरंजी घेऊन खाली उतरले. सतरंजीवर तेलाचा एक मोठा डाग होता, साधारण पाठीच्या आकाराचा. मी तिच्यावर आडवी झाले तेव्हा लक्षात आलं की डाग माझ्या पाठीपेक्षा बराच रुंद आहे. तो विषय तिथेच सोडून मी नटाकडे वळले.

चाकाच्या मध्यभागी एक भला थोरला नट असतो. चाक जमिनीवर असतानाच तो सैल करायचा, असं पुस्तक म्हणतं. मी पाना लावला आणि जोर केला. नट हलला नाही. पान्यावर उभी राहिले. नट हलला नाही. तेवढ्यात कर्नल आले.

कर्नल सैन्यात कधीच नव्हते. विमा कंपनीत होते. पण मिशा आणि आवाज यांच्यामुळे सगळे त्यांना कर्नल म्हणतात, आणि निवृत्तीनंतर त्यांनाही ते पटत गेलं आहे.

"जोर नको, लांबी हवी," ते म्हणाले. "पान्याला पाइप लाव. मला जगात कुठेही उभं राहायला जागा द्या..."

"तुम्ही पाइप द्या काका."

त्यांनी गच्चीवरच्या टाकीसाठी आणलेला पाण्याचा पाइप आणला. तो पान्याच्या दांड्यावर चढवून आम्ही दोघं लोंबकळलो. कर्नल "एक, दोन, तीन" म्हणत होते. तिनाला पाइप शांतपणे वाकला. नट तसाच. टाकीचं काम त्यामुळे पुढच्या आठवड्यावर गेलं, आणि वरच्या मजल्यावरच्यांना नळाला येणाऱ्या थेंबथेंब धारेचं कारण कर्नलनी "तांत्रिक" असं सांगितलं.

पुस्तकाचं पुढचं पान उलटल्यावर कळलं, की या नटाची कड एका जागी ठोकून आत दाबलेली असते, मुद्दाम, तो आपोआप सुटू नये म्हणून. ती कड आधी उचलायची असते. हे आधीच्या पानावर लिहिलं असतं तर पाइप वाचला असता. पण लेखकांना शेवटपर्यंत काहीतरी राखून ठेवायची सवय असते.

मी छिन्नीने कड उचलली. कर्नलनी जाड पाइप पैदा केला. कुठून ते मी विचारलं नाही. तो लावून आम्ही पुन्हा लोंबकळत होतो, तेव्हा किल्ल्या वाजल्या आणि पाठोपाठ सेक्रेटरी आले.

"तक्रार आलीय. आवाजाची," ते म्हणाले.

"अजून आवाज झालेलाच नाही," कर्नल म्हणाले. "नट सुटला की होईल. तुम्ही एक करा, जरा यावर उभे राहा."

"मी सेक्रेटरी आहे."

"म्हणून तर. आमच्यात ते वजन नाही."

सेक्रेटरींनी इकडेतिकडे पाहिलं, चपला काढल्या आणि पाइपच्या टोकावर पाय ठेवला. दुसरा पाय ठेवायची वेळ आली नाही. बंदुकीतून गोळी सुटावी असा आवाज झाला, पारवे उडाले आणि सेक्रेटरी खाली बसले. बसायचं ठरवून बसल्यासारखे.

वर गॅलरीचं दार उघडलं.

"काय तुटलं?" आईने विचारलं.

बऱ्याच महिन्यांनी ती गॅलरीत उभी होती. केस विंचरलेले नव्हते आणि उजेडामुळे तिने डोळ्यांवर हात धरला होता. आम्ही तिघंही मान वर करून बघत राहिलो.

"काही नाही तुटलं," मी म्हणाले. "नट निघाला."

"कुठल्या बाजूचा?"

"उजव्या."

आई थोडा वेळ माझ्याकडे, मग गाडीकडे बघत राहिली. "बरं," ती म्हणाली आणि आत गेली. दार मात्र तिने लावलं नाही. थोड्या वेळाने परत आली तेव्हा तिच्या हातात खुर्ची होती.

त्यानंतर मी गाडीखाली असले की ती वर असायची. भाजी निवडायची, नाहीतर नुसतीच बसायची. मधूनच सूचना यायची: "पाय आत घे. जाणाऱ्या-येणाऱ्याला लागतील." गाडीच्या उजव्या कडेतून माझे पाय बाहेर आलेले असत आणि मला त्यांच्याविषयी काहीच कळत नसे. सबंध मनुष्य गाडीखाली गेला की त्याच्या पायांची जबाबदारी समाजावर पडते.

पुढच्या रविवारी गाडी उचलून, खाली बाबांचे दोन लोखंडी स्टँड लावून, मी चाक काढलं, खालचा सांधा सोडवला आणि ॲक्सलचं बाहेरचं टोक मोकळं केलं. आतलं टोक गिअरबॉक्समध्ये रुतलेलं असतं. पुस्तकात म्हटलं होतं, "हलक्या झटक्याने बाहेर येईल." मी हलका झटका दिला, जड झटका दिला, विनंती केली. ॲक्सल आला नाही. दादा व्हिडिओ कॉलवर होता. तो म्हणत होता, "मला नीट दाखव," आणि मी नीट दाखवलं की म्हणत होता, "मला यातलं काही कळत नाही."

पहिल्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात. ते पिशवी घेऊन बाजाराला निघाले होते. खाली वाकले, चष्मा सारखा केला आणि बराच वेळ बघत राहिले.

"ओढताय का तुम्ही?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"हो."

"ओढू नका. ओढून कधीच येत नाही. लोकांना वाटतं आम्ही ओढतो. आम्ही हलवतो." त्यांनी पिशवी कर्नलकडे दिली आणि बाह्या दुमडल्या. "पहार आहे का? लहान. आणि उजेड इकडे धरा."

कर्नलनी विजेरी धरली. डॉक्टर सतरंजीवर आडवे झाले, पहारेचं टोक फटीत सारलं आणि मनगटाने हलकेच इकडून तिकडून दाब देऊ लागले. चेहऱ्यावर पूर्ण शांतता. "छान," ते पुटपुटले. "छान. सैल होतोय. अजून थोडंसं." त्यांनी 'आता जरा दुखेल' असंही म्हटल्याचं कर्नल सांगतात, मी ते ऐकलेलं नाही. मग एक बारीक 'कट' झालं आणि ॲक्सल डॉक्टरांच्या हातात आला. ते त्याच्याकडे सगळ्या बाजूंनी फिरवून बघत राहिले.

"हा तसा चांगला आहे हो," ते म्हणाले. "कीड दिसत नाही. नक्की हाच काढायचा होता ना?"

"हाच," कर्नल आणि मी एकदम म्हणालो. दवाखान्यात अशा वेळी पेशंटही हेच सांगत असावेत.

हे होईपर्यंत गिअरबॉक्सच्या भोकातून तेल वाहू लागलं होतं. तेल खाली येतं हे पुस्तकात होतं. किती, ते नव्हतं. मी भांडं शोधेपर्यंत एक काळसर ओघळ पार्किंगच्या उताराने निघाला, दोन गाड्या सोडून तिसऱ्या जागेवर पोचला आणि तिथे एका स्कूटरच्या चाकाखाली विसावला. स्कूटर सेक्रेटरींची होती. सोमवारी सकाळी त्यांनी तिला किक मारली तेव्हा स्कूटर जागच्या जागी राहिली आणि सेक्रेटरी घसरून भाजीवाल्याच्या हातगाडीपर्यंत गेले.

मला नोटीस आली. कमिटीची बैठक बसली. प्रश्न असा होता, की स्वच्छता करताना एवढं तेल कसं सांडतं. कर्नलनी जवळजवळ तासभर भाषण करून प्रतिपादन केलं, की घाण आतून काढणं हीच खरी स्वच्छता आणि बाहेरून पुसणं हा केवळ देखावा. दातांचे डॉक्टर म्हणाले की वैद्यकीय दृष्ट्या याला पुष्टी मिळते. सेक्रेटरी कुल्ल्याखाली उशी घेऊन बसले होते. शेवटी ठरलं की स्वच्छता चालू ठेवावी, मात्र खाली वाळू पसरावी. वाळू टाकीच्या कामासाठी आणलेली होतीच. टाकीचं काम अजून एक आठवडा पुढे गेलं.

शेवटच्या रविवारी नवा ॲक्सल आत सारला. सगळा गेला, बोटभर राहिला. त्या बोटभरासाठी सकाळ गेली. मी उठून हात पुसत होते, तेव्हा वरून दोरीला बांधलेली पिशवी हेलकावे खात खाली आली. आत खलबत्त्यातला बत्ता होता, फडक्यात गुंडाळलेला.

"त्याच्या टोकाला फडकं लावून मार," आई वरून म्हणाली. "हे तसंच करायचे. आणि मग मला धुऊन द्यायचे. तूही धुऊन दे."

एका ठोक्यात 'कट' झालं. मी वर पाहिलं. आई भाजी निवडत होती, पण ओठ किंचित दुमडले होते, बाबांचं काही मनासारखं झालं की दुमडायचे तसे. त्या क्षणी मला ॲक्सलशास्त्रातलं सगळं कळतं असं वाटलं. असे क्षण फार टिकत नाहीत. हा बुधवारपर्यंत टिकला.

बुधवारी तपासणी होती. कागदांत एक अडचण निघाली होती: गाडी आईच्या नावावर होणार, म्हणून आईने अधिकाऱ्यासमोर जातीने हजर राहायला हवं. मी नोंदणी कचेरीतल्या खिडकीवरच्या बाईंना सांगितलं होतं की आई सध्या बाहेर पडत नाही. बाई म्हणाल्या होत्या, "मग गाडी कशाला हवीय?"

मी आईला भीत भीत सांगितलं. ती उठली, केस विंचरले, बाहेर जायची साडी नेसली आणि कठड्याला धरून जिना उतरली. गाडीपाशी आल्यावर सवयीने डावीकडचं पुढचं दार उघडून बसली. मी बाबांच्या जागेवर बसले. सीट पुढे ओढावी लागली.

फाटकातून बाहेर पडताना ती म्हणाली, "डावीकडून घे."

"आता गरज नाही आई," मी म्हणाले. मला हे वाक्य म्हणायचं होतं. खरं तर सबंध महिना मी याच वाक्यासाठी वाळूत लोळले होते. पहिल्या चौकात मी स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं.

टक-टक-टक-टक.

मी गाडी कडेला घेतली. आम्ही दोघी समोर बघत बसलो. पाइप, पारवे, सेक्रेटरी, वाळू, बत्ता, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून सांगत होता, की दुःखं सगळ्यांनाच असतात. आईने पर्स मांडीवर सारखी केली.

"डावीकडून घे," ती म्हणाली.

वखार, पोस्ट, शाळा, मग माझ्या कधी ध्यानातही न आलेल्या गल्ल्या, एक मंगल कार्यालय, एका बंद गिरणीची मागची भिंत. आई बोटानेही न दाखवता सांगत होती, "आता. आता पुढच्याला. हं, आता." बाबांनी आखलेलं ते शहर तिला सगळं पाठ होतं. आम्ही वेळेवर पोचलो. त्या पहिल्या चौकानंतर उजवीकडे एकदाही वळलो नाही.

तपासणी अधिकारी हातात पॅड घेऊन आले. त्यांना पुढे बसायचं होतं.

"मी पुढे बसते," आई म्हणाली.

अधिकारी मागे बसले. मोठ्या मैदानाच्या मध्यावर एक खांब होता. "त्या खांबाला उजवीकडून वळसा घालून या," ते म्हणाले.

मी गिअर टाकला. भंगारवाल्याचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता, पण तेव्हा तो स्पष्ट दिसला.

"आम्ही उजवीकडे वळत नाही," आई म्हणाली.

अधिकारी मागून पुढे वाकले. "म्हणजे?"

"नाही वळत."

"पण बाई, टेस्ट आहे. उजवीकडे का नाही वळत?"

आईने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "हे कधी वळले नाहीत," ती म्हणाली. "मग आता आम्ही कसं वळायचं?"

अधिकाऱ्यांनी पॅडवरचे कागद उलटले. आरशात मला ते दिसत होते. एका कागदावर ते थांबले; तो बाबांच्या मृत्यूचा दाखला होता. त्यांनी तो वाचला, घसा खाकरला आणि खिडकीबाहेर बघितलं. त्यांच्या मनात काय आलं ते मला माहीत नाही. एखाद्या घराण्यात असं काही पाळत असतील, असं वाटलं असावं. सरकारी माणसाला नियम कळतात, आणि न लिहिलेल्या नियमाला तो जरा जास्त घाबरतो.

"ठीक आहे," ते म्हणाले. "डावीकडून घ्या."

आम्ही खांबाला डावीकडून वळसा घातला. गाडी इतकी गुपचूप वळली की मलाच तिचं कौतुक वाटलं. ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, धूर पाहिला. अधिकाऱ्यांनी खाली उतरून सही केली, आईपुढे पॅड धरला आणि तिची सही होईपर्यंत उन्हात उभे राहिले.

"गाडी चांगली सांभाळलीय," ते म्हणाले.

"हो," आई म्हणाली.

परत येताना पुन्हा तेच सगळं. गिरणी, कार्यालय, शाळा, पोस्ट. आमच्या गल्लीच्या आधीचा चौक आला. इथून उजवीकडे वळलं की घर दिसतं. मी सरळ पुढे निघाले होते.

"उजवीकडे घे," आई म्हणाली.

"आवाज येईल."

"येऊ दे."

टक-टक-टक-टक-टक. आई मान थोडी कलती करून ऐकत होती.

"डावा आहे," ती म्हणाली. "उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर येतो. हे सांगायचे नेहमी, लोकांना वाटतं उजवा गेला, गेलेला असतो डावा."

मी गाडी थांबवली. यावेळी मागे रिक्षावाला नव्हता.

"तुला माहीत होतं?"

"म्हणजे काय. इतकी वर्षं शेजारी बसलेय."

"मग सांगितलं का नाहीस? मी खालून तुला सांगितलं होतं, उजवा म्हणून. महिनाभर मी तिथे... कर्नल, ते डॉक्टर... सेक्रेटरी पडले, आई."

"ते मला नंतर कळलं." तिने पर्सचा बंद उघडला, पुन्हा लावला. "तू पहिल्या दिवशी म्हणालीस उजवा, तेव्हा सांगणारच होते."

"मग?"

"मग तू परत गाडीखाली गेलीस." ती काचेतून घराकडे बघत होती. "वरून गाडीखालचे पाय तेवढे दिसतात. बाकी कोण आहे ते दिसत नाही."

इंजिन चालू होतं.

"तुझे जरा लहान आहेत," आई म्हणाली. "पण चाललं."

आम्ही फाटकातून आत आलो. सेक्रेटरी स्कूटर पुसत उभे होते. आता ते तिच्यावर बसण्याआधी खालची जमीन चपलेने घासून बघतात. आमच्या जागेची एक बाजू भिंतीला लागून आहे. बाबा गाडी नेहमी सरळ आत घालायचे, म्हणजे डावी बाजू भिंतीकडे आणि उजवी आमच्या गॅलरीकडे. मीही तशीच घालू लागले.

"थांब," आई म्हणाली. "उलटी लाव."

"का?"

"डावी बाजू भिंतीकडे गेली तर काम कसं करशील? आणि गॅलरीतून..." तिने वाक्य तिथेच सोडून दार उघडलं, उतरली आणि मागे उभं राहून हाताने खुणा करू लागली. "ये. ये. अजून ये. बास."

सेक्रेटरी फडकं हातात धरून आमच्याकडे बघत होते.

"झाली ना हो स्वच्छता?" त्यांनी विचारलं. आवाजात आशा होती.

"उजवीकडची झाली," आई म्हणाली आणि कठड्याला धरून जिना चढू लागली. "डावीकडची येत्या रविवारी."